कामगार मंत्री साहेब, रोबोटला शिकवलं आम्ही आणि ग्रेड पण आमचीच कमी

मा. मंत्री साहेब, नमस्कार.

22 वर्षं वेल्डिंग करतोय. आता कागदावर 'मशीन ऑपरेटर' लिहून येतं पण मी वेल्डरच आहे. लाइनवर रोबोट आला तेव्हा वेल्डिंगची टॉर्च कुठल्या अँगलने धरायची, कॉर्नरला स्पीड किती कमी करायचा, गॅप जास्त असेल तर हात कसा हलवायचा हे सगळं आम्हीच सांगितलं, इंजिनिअर टीच पेंडंट (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) घेऊन उभा आणि आम्ही शेजारून "अजून थोडं खाली, हां बस". प्रोग्राम सेव्ह झाला आणि काही महिन्यांत आमची ग्रेड खाली आली.

रोबोट नकोच असं माझं म्हणणं नाही. 1961 साली जनरल मोटर्समध्ये युनिमेट नावाचा पहिला कारखान्यातला रोबोट लावला तो डाय कास्टिंगचे (साच्यात धातू ओतून केलेले) तापलेले पार्ट उचलायला, असलं काम माणसाने करूच नये. माझ्याही छातीत जाणारा धूर कमी झालाय, खरंच.

पण आता दिवसभर पार्ट जिगमध्ये, म्हणजे पार्ट पकडायच्या साच्यात लावायचा, क्लॅम्प मारायचा, बटण दाबायचं आणि जाळीबाहेर थांबायचं. आधी आर्कचा आवाज ऐकून करंट कमीजास्त कळायचा, आता कान असून उपयोग नाही. शेजारच्याशी बोलणंही गेलं, एका पार्टला किती वेळ, तो सायकल टाइम मशीन ठरवतं. आणि प्लेट जरा वाकडी कापून आली की रोबोट बिचारा ठरलेल्या रेषेवरच वेल्ड मारत जातो, मग रिवर्कला, म्हणजे बिघडलेलं वेल्ड हाताने दुरुस्त करायला हाक कुणाला तर आम्हालाच, आणि रिवर्क तर सगळ्यात अवघड काम! नवीन पोरांच्या हातात टॉर्च येतच नाही साहेब, थेट बटणावर उभी करतात, उद्या रिवर्क कोण करणार आणि पुढच्या रोबोटला शिकवणार कोण?

शिकवताना रोबोटचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जाऊ नये असं आयएसओ 10218 या रोबोट सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, कारण कुणीतरी आमच्या हाडांचा विचार केला. आमच्या कसबाचा पण करा ना. ज्याच्या अनुभवावर प्रोग्राम बनला त्याची ग्रेड उतरवता येणार नाही असा नियम काढा, पेंडंटचं ट्रेनिंग ड्युटीच्या वेळात आणि पगारी द्या, नवीन पोरांना हाताने वेल्डिंगचे तास सक्तीचे करा.

आमच्यातले दोघं नुसतं बघून बघून पेंडंट चालवायला शिकलेत. पण पासवर्ड इंजिनिअरकडे असतो, त्यामुळे प्रोग्राममधला एखादा पॉइंट नुसता 2 मिलिमीटरने सरकवायचा असला तरी लाइन बंद ठेवून त्याची वाट बघत बसतो.

आपला,
एक वेल्डर