अमृतसर अटारीच्या अलीकडेही आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत अमृतसरवरचा लेख वाचला. राग निवतो का ते पाहायला एक दिवस जाऊ दिला. निवला नाही, म्हणून हे पत्र.

पाऊण पानाच्या लेखात निम्म्याहून जास्त जागा 'वाघा बॉर्डर'ला. उरलेल्या जागेत कुलचा, लस्सी आणि सुवर्णमंदिर रात्रीच्या रोषणाईत कसं दिसतं ते. वर शीर्षक, 'अमृतसर : दोन दिवसांत ओळख'. दोन दिवसांत तुळशीबागेची ओळख होत नाही हो, आणि हे तर 1577 साली गुरू रामदासांनी वसवलेलं शहर.

आधी वाघ्याबद्दल. वाघा हे पलीकडच्या गावाचं नाव. आपल्या बाजूला आहे ते अटारी, शीख सरदार शामसिंग अटारीवाल्यांचं गाव. 1846 मध्ये सोब्रावच्या लढाईत म्हातारपणी इंग्रजांशी लढताना पडले ते. त्यांची समाधी तिथेच आहे. सीमेवरच्या संध्याकाळच्या परेडला जाणाऱ्या बसमधून ती पाहायला कोण उतरतो? आपल्या लेखिका तर सूर्यास्ताला दोन्हीकडचे जवान फाटक उघडून 'हस्तांदोलन करतात' असं लिहून मोकळ्या झाल्या. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर हे दोन्ही थांबवल्याची बातमी आपल्याच पहिल्या पानावर आली होती. पुरवणीवाले मुख्य अंक वाचत नसावेत.

सुवर्णमंदिर 'महाराजा रणजितसिंहांनी बांधलेलं' हेही चूक. रणजितसिंहांनी त्यावर सोनं चढवलं. मंदिर त्यांच्या दोनशे वर्षं आधीचं. 1762 मध्ये ते सुरुंग लावून उडवलं अब्दालीनं. हो, तोच आपला पानिपतचा अब्दाली. आपल्याकडे संक्रांत कोसळली आणि पुढच्याच वर्षी तिकडे हरमंदिर, म्हणजे हेच सुवर्णमंदिर. शिखांनी दोन-अडीच वर्षांत ते पुन्हा उभारायला घेतलं. मराठी पेपरात अमृतसरवर लिहिताना ही ओळ सुचत नाही, याला काय म्हणावं? नामदेवांची 61 पदं ज्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्याची पहिली प्रत 1604 साली त्याच मंदिरात ठेवली गेली. त्याचाही लेखात पत्ता नाही. कुलच्यावर मात्र तीन परिच्छेद.

आता माझं थोडं ऐकून घ्या. 2018 च्या नोव्हेंबरात एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही उभयता अमृतसरला गेलो. जालंधरहून येताना वाटेत जंडियाला गुरू लागतं. तिथले ठठेरे, म्हणजे आपले तांबट, तांब्या-पितळेची भांडी हातानं ठोकून घडवतात आणि 2014 मध्ये युनेस्कोनं त्या कलेची नोंद घेतली, एवढं मला ठाऊक होतं. माझं आजोळ पुण्यातल्या तांबट आळीतलं. दुपारच्या झोपेत ठोक्यांचा आवाज थांबला की जाग यायची, असं ते घर. मी टूर मॅनेजरला म्हटलं, अर्धा तास थांबू या. तो म्हणाला, "काका, भांडी बघायला एवढ्या लांब आलात?" सगळी बस हसली. आमची हीसुद्धा. त्या दिवशी सुवर्णमंदिराला त्यानं चाळीस मिनिटं दिली, पैकी वीस चपला ठेवण्या-घेण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे परेडला निघाले. मी पाय दुखतो म्हणून हॉटेलवर राहिलो आणि बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर रिक्षानं स्टँडवर गेलो. जालंधरची एसटी (त्यांची रोडवेज) पकडून जंडियाल्याला उतरलो. बाजाराचा पत्ता कोणाला विचारावा लागला नाही, कान पुरले.

जमिनीतल्या भट्टीशी साठीचा एक गृहस्थ बसला होता. मुलगा भाता मारत होता. तापवलेलं पातेलं पायानं धरून तो गृहस्थ बाहेरून ठोके घालत होता, ओळीत, एकाशेजारी एक, न मोजता. मी म्हटलं, आमच्याकडे याला मठारकाम म्हणतात. त्याला शब्द कळला नाही, पण मी हाताची पाची बोटं जुळवून ठोक्याची खूण केली तशी ती कळली. तो 'पतीला' म्हणाला, मी 'पातेलं' म्हणालो आणि आमची भाषा जमली. घासायला वाळू आणि चिंच. माझी आजीही चिंचच वापरायची.

मी विचारलं, कुठले तुम्ही? "गुजरांवाला." आजोबा 1947 मध्ये तिकडून आले. आणि त्यांच्या आधी या गल्लीत कोण होतं? त्यानं हातोडीनं समोरच्या भिंतीकडे बोट केल्यासारखं केलं. "मुसलमान कारागीर. ते तिकडे गेले." मग पुन्हा ठोके सुरू. बाऊजी, चहा घ्या म्हणाला.

अमृतसर शहरात फाळणीआधी जवळजवळ निम्मे लोक मुसलमान होते. लाहोर तिथून जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे लोक रोज नोकरीला जातात तेवढं. ती सीमा मला त्या पातेल्याशी बसून जेवढी कळली तेवढी फाटकाशी कळली नसती. टाऊन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे, 2017 पासून. लेखात तेही नाही. परेडहून परतलेल्या मंडळींचे घसे बसले होते. हिला खुर्चीच मिळाली नव्हती. माझ्या हातातलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातेलं पाहून ती एवढंच म्हणाली, "पाय बरा झाला वाटतं."

जालियनवाला बागेचा उल्लेख 'फोटोसाठी उत्तम जागा' असा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. 13 एप्रिल 1919 ला डायरचे सैनिक ज्या बोळातून आत गेले तो बोळ अरुंद होता म्हणून त्याच्या चिलखती गाड्या बाहेर अडल्या. नाहीतर काय झालं असतं! 2021 मध्ये त्याच बोळाच्या भिंतींवर शिल्पं बसवून तो गुळगुळीत केला. तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकांनी केवढी ओरड केली होती. आपल्या लेखिकेला ती शिल्पं 'मोहक' वाटली. वाटोत बापड्या.

शिवाय 'जायचे कसे' या चौकटीत फक्त विमान, तेही दिल्लीमार्गे. नांदेडहून थेट अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जाते. वाटेत स्थानकावर लंगरचं जेवण मिळतं, डबा तेवढा आपला हवा. मराठवाड्यात आपला पेपर जात नाही का?

पत्र लांबलं याची जाणीव आहे. जूनमध्ये पाठवलेल्या माझ्या पत्रातल्या शेवटच्या सहा ओळी आपण कापल्या होत्या, आणि मुद्दा नेमका त्याच ओळींत होता. यावेळी कापायचंच असेल तर वरून कापा, पातेलं राहू द्या. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया शब्दकोड्याशेजारी नको. नव्या मांडणीत त्या कोपऱ्यातला टाइप इतका बारीक केलाय की आडवे-उभे शब्द सुनेकडून वाचून घ्यावे लागतात, आणि ती उत्तरंही सांगून टाकते.

कळावे,
आपला एक जुना वाचक, पुणे