फोटोखाली तारीखही हवी

‘युनेस्को’ने जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यानिमित्तची आपली छायाचित्र पुरवणी पाहिली. ढगांतून डोकावणारा राजगडाचा बालेकिल्ला देखणाच. पण यादीतले ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि यादीबाहेरचे शेकडो, त्यांचे काय? अलंगसारख्या आडवाटेच्या गडावर बिनछपराच्या वाड्याची भिंत कोणत्या पावसाळ्यात ढासळली, हे सांगायला बहुधा भटक्यांचे फोटोच असतात. त्यांवर तारीख आणि जागेची नोंद नसेल, तर डागडुजी करणाऱ्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने असे फोटो गडवार जमा करावेत. ड्रोनमधले सूर्यास्त (तेही आता सगळे सारखेच दिसतात) पुरे झाले. तट, टाकी, दरवाजे यांचे दरवर्षी त्याच जागेवरून घेतलेले फोटो हवेत.

— एक वाचक, नाशिक