बोटीचं ऑइल म्हणजे गाडीचं ऑइल नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत गाडीचं इंजिन ऑइल स्वतः कसं बदलावं, हा लेख वाचला. लेख नेटका आहे. फक्त शेवटी जाता जाता ‘बोटीच्या इंजिनालाही हीच पद्धत’ असं एक वाक्य आलंय, ते खटकलं. मी २५ वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. त्या वाक्यावर विसंबून कुणी पाना हातात घेतला, तर आधी बोट खराब होईल आणि मग पाणी.

गाडीच्या चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडला की ऑइल खाली ठेवलेल्या घमेल्यात पडतं. बोटीच्या आत बसवलेलं इंजिन तळालगत असतं. बऱ्याच बोटींत चेंबरखाली हातही शिरत नाही, घमेलं कुठलं! म्हणून ऑइल वरून उपसायचं. ऑइलची पातळी बघायची पट्टी ज्या नळीत असते, तिच्यातून बारीक पाइप आत सोडायचा आणि पंपानं ओढून घ्यायचं. त्याआधी इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून घ्यावं. ऑइल पातळ होतं आणि तळाशी बसलेली काजळीही त्याच्याबरोबर निघते. (इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलाय ना, हे बघूनच चालू करा. कोरडा फिरला तर पाण्याच्या पंपातला रबरी पंखा बघता बघता जळतो.) निघालेलं ऑइल मोजायचं. पुस्तिकेत पाच लिटर लिहिलंय आणि डब्यात साडेतीनच जमलं, तर पाइप तळाला टेकलेला नाही. तेव्हा पाइप थोडा मागे घेऊन, फिरवून पुन्हा सोडावा. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, डिझेल इंजिनाचं काळंच होतं. दुधाळ दिसलं मात्र, तर आत पाणी शिरलंय. नुसतं नवं ऑइल ओतून भागणार नाही, पाणी कुठून आलं ते आधी शोधा.

खरा घोळ होतो फिल्टरपाशी. बोटीत तो बहुतेक वेळा आडवा बसवलेला असतो, त्यामुळे सैल केला की आतलं ऑइल सांडणारच. मी त्याच्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि पिशवीतच फिरवून काढतो. जुना रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, तेही हाताचं बोट फिरवून बघतो. एकावर एक दोन वायसर बसले, तर इंजिन चालू होताच प्रेशरनं ऑइल बाहेर फेकलं जातं.

आता पुरवणीतल्या लेखाला ठाऊकच नसलेली गोष्ट. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायला एक पंप असतो. पाणी वाढलं की तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप आपोआप चालू होतो. सांडलेलं ऑइल तो पाण्याबरोबर थेट बाहेर टाकतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकदा वाटीभर ऑइल सांडलं, ‘मग पुसू’ म्हणून मी नवा फिल्टर आणायला गेलो. पंप बंद करायचं राहिलं. मागच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून, थेंब थेंब पाणी येतच होतं. परत आलो तो शेजारच्या तीन बोटींभोवती रंगीत तवंग. एका भल्या माणसानं त्यावर भांडी घासायचा साबण ओतला आणि ‘गेलं बघा’ म्हणाला. गेलं काहीच नव्हतं. साबणानं ऑइल फुटून बारीक थेंबांनी पाण्यात मिसळतं. डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. मुकाट्यानं शोषून घेणारे पॅड टाकायला हवे होते.

मोठ्या जहाजांना मार्पोल या समुद्रप्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तळातलं पाणी गाळूनच सोडावं लागतं. त्यात ऑइल दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या छोट्या बोटीत असलं गाळणयंत्र नसतं. तळाच्या पंपाचा एक स्विच असतो, तो कामाला हात घालण्याआधी बंद करायचा.

आणि उपसलेलं काळं ऑइल? ते पुन्हा डब्यात भरून पुनर्वापराला द्यायचं, हे सगळ्यांना कळतं. पण धक्क्यावर जुन्या ऑइलचं पिंपच नसेल, तर तो डबा महिनोन्महिने बोटीतच लोळतो आणि एक दिवस कलंडतो. धक्के चालवणाऱ्यांनी झाकणाचं एक पिंप ठेवावं. त्यात पाणी किंवा पेट्रोल ओतू नये, अशी पाटीही लावावी.

दुरुस्ती छापणार असाल, तर हेही छापा: तळ पुसून झाला की पंप पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर बोट सावकाश भरत जाते. मी पंप बंद करताना इंजिनाची चावी त्याच स्विचला टांगून ठेवतो. चावी हवी असेल, तर तिथवर जावंच लागतं.

आपला,
एक बोट मेकॅनिक