आजीचा अडकित्ता माझ्याकडे आहे

लेस्टर, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. व्हिडिओ कॉलवर बारीक दिसले ती खोलीतल्या दिव्यामुळे. वजन आहे तेवढंच आहे. काल दिवसभर फोन उचलला नाही, कारण बाहेर होते. दुसरं काही नाही.

काल 'अँटिक्स रोडशो'ला गेले होते. टीव्हीवरचा कार्यक्रम आहे, बीबीसीवर 1979 पासून चालू आहे. जुन्या सरदारी वाड्याच्या बागेत मोठाल्या छत्र्या लावून जाणकार बसतात. लोक घरातली जुनी वस्तू आणतात, ते ती काय, कुठली, किती जुनी आणि काय किमतीची ते सांगतात. फुकट. माझा खर्च फक्त बसचा झाला, आणि डबाही घरूनच नेला होता.

एक गोष्ट मात्र नीट सांगते, कारण मला ती दुपारपर्यंत उलगडत नव्हती. माणसं तीन-तीन तास रांगेत उभी राहतात. बरोबर घडीची खुर्ची, थर्मास, आणि टॉवेलात गुंडाळलेली वस्तू. जाणकार तिचा सगळा इतिहास सांगतो, शेवटी किंमत सांगतो. ती हजारांत असली तरी माणूस हळूच 'ओह, लव्हली' म्हणतो आणि लगेच, 'पण विकायची नाही हं, घरातच राहील.' जवळपास प्रत्येक जण! मग विचारायचं कशाला? आपल्याकडे चारचौघांत असा भाव काढला असता तर आजी म्हणाली असती, घर विकायला काढलंय का. शेवटी माझ्यापुढच्या बाईंनाच विचारलं. त्यांच्याकडे आईची किटली होती, तोटीचा टवका उडालेली. त्या म्हणाल्या, "घरी या किटलीकडे बघायला कुणाला वेळ नाही. इथं कुणीतरी ती हातात घेईल, उलटी करून बुडाचा शिक्का बघेल. मला तेवढंच हवंय."

बाबा, लष्करी वस्तूंच्या टेबलावर एक पितळी डबी बघितली. 1914 च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना वाटलेली. गोऱ्यांच्या डबीबरोबर तंबाखू-सिगारेटी, आणि हिंदी सैनिकांना खडीसाखर नि मसाल्याची डबी. त्या महायुद्धात आपल्या अपशिंगे गावचे 46 जण गेले, ते आठवलं. तिथं कुणाच्या घरी अशी डबी असेल का? विचारा ना.

आता मी काय नेलं होतं ते. आई, तू आजीचा अडकित्ता शोधते आहेस. तो माझ्याकडे आहे. वर्षश्राद्धाला आले होते तेव्हा निघायच्या रात्री ट्रंकेतून काढला आणि साडीच्या घडीत ठेवला. मागितला असता तर तू दिला असतास, तरी मागितला नाही. फोनवर 'माळ्यावर असेल, बघ' म्हणाले, ते खोटं होतं. तू सगळा माळा उतरवलास, हे दादाकडून कळल्यापासून मला चैन नाही. आजीच्या शेवटच्या दिवसांत मी नव्हते. तिच्या हातातलं काहीतरी जवळ हवं होतं, एवढंच.

जाणकार बाईंनी तो लगेच ओळखला. उघडझाप करून बघितली, पात्यावर बोट फिरवलं. मग मुठीवरचा पोपट दाखवून म्हणाल्या, याचा एक डोळा पार झिजलाय, इथं रोज कुणाचा तरी अंगठा टेकत असणार. मला बोलवेना. किंमत 60 ते 80 पौंड, म्हणजे साधारण सात ते नऊ हजार रुपये. टीव्हीवर काही दिसणार नाही, बहुतेकांचं चित्रीकरण होतच नाही. मीही म्हणाले, विकायचा नाही. आणि आई, तो पितांबरीनं घासू नकोस, तसाच राहू दे, असं त्यांनी बजावलंय.

दादाच्या लग्नाच्या हॉलच्या इसाराचे 80 हजार पाठवलेत. दोन दिवसांत खात्यात दिसतील. कृपा करून सोनं मोडू नका, मला काही कमी पडत नाही. रजा लग्नापुरतीच मिळाली आहे, हळदीला नक्की पोचते. साखरपुड्याला नाही जमत. दादाला मी सांगितलंय, तो रागावलेला नाही. माझ्या स्थळाचं मावशीला इतक्यात हो म्हणू नका, आल्यावर समोर बसून बोलू.

इथल्या ओळखीच्या एक काकू बुधवारी पुण्याला निघताहेत, त्यांच्या बॅगेत अडकित्ता देते. साखरपुड्याआधी पोचेल. सुपारी त्यानंच फोडा, आणि तेव्हा फोन चालू ठेवा. मला तो आवाज ऐकायचाय.

तुमची,
छकुली