वेदीचा प्रश्न वेगळा, घराचा वेगळा

महोदय,

ख्रिस्ती धर्मातील स्त्रीच्या स्थानाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही, म्हणून घरातही तिने पतीच्या आज्ञेत राहावे अशी ‘ख्रिस्ती शिकवण’ आहे, असे त्यात म्हटले आहे. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे, आणि ‘म्हणून’ तर सपशेल चुकीचे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही प्रोटेस्टंट चर्चसंस्था 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच स्थापन झाली. तिच्यात स्त्रिया पाळक, म्हणजे धर्मगुरू, होतात. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशपपदी नेमले. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना 1994 पासून धर्मगुरुपदाची दीक्षा मिळते.

रोमन कॅथलिक चर्च ती देत नाही. मे 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, असा अधिकारच चर्चला नाही, असे जाहीर केले. पण त्यांनी दिलेले कारण ‘पती हा पत्नीचे मस्तक’ हे बायबलमधील वचन नव्हते. येशूने प्रेषित म्हणून बारा पुरुष निवडले आणि चर्चने तीच परंपरा अखंड पाळली, हे होते. विवाहाबद्दल याच पोपनी 1988 मध्ये, पती-पत्नीमधील अधीनता दोघांनी एकमेकांची पत्करायची आहे, असे लिहिले. त्याआधी 1930 मध्ये पोप पायस अकरावे यांनी कुटुंबातील पतीचे प्रमुखत्व ठासून सांगितले होते. म्हणजे वेदीपाशी, धर्मगुरुपदाबाबत, नकार कायम राहिला आणि घराबाबतचा सूर बदलला. (उपासनेत शास्त्रवाचन करणारा वाचक आणि वेदीपाशी धर्मगुरूला साहाय्य करणारा वेदीसेवक ही कॅथलिक चर्चमधील अधिकृत सेवापदे 2021 पासून स्त्रियांनाही खुली आहेत, हेही लेखात नव्हते.)

लेखकाचे ‘म्हणून’ लागू पडते ते अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाला. त्यांनी 1998 मध्ये आपल्या श्रद्धापत्रात, म्हणजे पंथाच्या अधिकृत श्रद्धांच्या निवेदनात, कुटुंबावरचे कलम घालून, पत्नीने पतीच्या सेवाभावी नेतृत्वाला स्वखुशीने अधीन व्हावे, असे म्हटले. 2000 मध्ये पाळकपद पुरुषांपुरते राखले. स्त्रियांना पाळक केल्यावरून 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ही प्रचंड मोठी मंडळी (स्थानिक चर्च) आपल्या संघाबाहेर काढली. तरीही हा नियम थेट संघाच्या घटनेत घालण्याचा ठराव 2024 मध्ये फसला. लागत होती दोन-तृतीयांश मते, पडली सुमारे 61 टक्के.

सगळे एकाच पवित्र शास्त्रातून वाचतात, मग हा फरक कुठून येतो? बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावाची पत्रे आहेत. त्यांपैकी तीमथ्याला पहिल्या पत्रातील दुसरा अध्याय स्त्रीने शिकवू नये असे सांगतो. एका पक्षाला तो सर्वकाळचा नियम वाटतो. दुसऱ्याच्या मते तो इफिस या प्राचीन शहरातील मंडळीतल्या खोट्या शिक्षणापुरता आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे, पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्या प्रार्थना करतात, संदेश देतात. पौलाचा आग्रह फक्त मस्तक झाकण्याचा आहे. चौदावा अध्याय शब्दशः घेणाऱ्याला अकराव्याचा उलगडा करावाच लागतो. इफिसकरांस पत्राचे तर छपाईनेच नुकसान केले आहे. पाचव्या अध्यायात एकविसावे वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते आणि बाविसावे पत्नींकडे वळते. अनेक आवृत्त्या नेमके या दोहोंच्या मध्ये ठळक उपशीर्षक घालतात. मग लग्नातला उपदेश पत्नीपासून सुरू होतो, आणि पतीने जीव ओवाळून टाकण्याइतके प्रेम करावे, हा त्याहून लांबलचक भाग घाईत उरकला जातो.

लेखकाला भारतातील ख्रिस्ती विवाहातली खरी विषमता दाखवायची होती, तर ती पंथांच्या शिकवणीपेक्षा कायद्यात ठळक सापडली असती. 1869 च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. पत्नीला बहुधा पतीच्या व्यभिचाराला क्रूरता किंवा परित्यागाची जोड द्यावी लागे. कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, नियम एकच. तो 2001 च्या दुरुस्तीपर्यंत पुस्तकात होता.

– एक वाचक, नागपूर