मंगल, वर्ग सुरू करण्याआधी

पुणे, १२ जुलै

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स संपला, परीक्षा पार पडली आणि श्रावणापासून साताऱ्यात महिला मंडळाच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग सुरू करणार, हे सगळं तू दोन ओळींत सांगून मोकळी झालीस. शेवटी विचारलंस, ‘तू इतकी वर्षं वेगवेगळ्या शिक्षकांकडे शिकते आहेस, चांगला योगशिक्षक कसा असतो ते सांग.’ हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले. मी काही शिक्षक नाही. पण सतरंजीवर बसून शिक्षकाकडे बघणाऱ्याला जे दिसतं, ते त्या शिक्षकाला सहसा कुणी सांगत नाही.

माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी नजर असते. शिक्षकाचं स्वतःचं आसन किती देखणं आहे त्यावरून आपण त्याला जोखतो. हनुमानासनात सहज बसणारा, मयूरासनात हातांवर तोलणारा शिक्षक पाहिला की नवखा माणूस दबूनच जातो. त्याच्या शरीराने काय काय साधलं आहे त्याचं मोल आहेच, पण समोर बसलेल्या साठीच्या बाईंच्या गुडघ्याला त्याचा काय उपयोग? तो गुडघा कुठे अडतो, का अडतो, आणि त्या बाई चेहऱ्यावर हसू ठेवून दुखणं लपवताहेत का, हे ज्याला दिसतं तो शिक्षक.

कोथरूडच्या आमच्या बाई वर्गाच्या वेळी दारापाशी उभ्या असायच्या. मला आधी वाटायचं, स्वागत करताहेत. हळूहळू लक्षात आलं की त्यांचं काम तिथूनच सुरू होत होतं. चपला काढताना कोण भिंतीचा आधार घेतं, खाली बसताना कोण आधी हात टेकतं, कुणाचा एक खांदा वर चढलेला आहे, हे सगळं त्या टिपून ठेवायच्या. नवीन माणसाला त्या बाजूला घेऊन विचारपूस करायच्या, चारचौघांत कधीच नाही. हे तू नक्की कर, मंगल. आपल्या बायका हर्निया, अंगावरून जाणं, पिशवीचं ऑपरेशन हे सगळ्यांसमोर कधी सांगतील का? फॉर्मवर तर सगळेच ‘काही त्रास नाही’ असं लिहून मोकळे होतात.

बाईंचा एक प्रश्न मला फार आवडायचा : ‘डोळ्यांत कुठले थेंब घालता का?’ काचबिंदू आहे का असं विचारलं तर लोक ‘नाही’ म्हणतात, कारण थेंब चालू आहेत म्हणजे दुखणं ताब्यात आहे, असा त्यांचा समज असतो. आमच्या वर्गातल्या एका काकांचं असंच निघालं. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो हे नेत्रतज्ज्ञांनी मोजलेलं आहे, आणि डोकं खाली असलेल्या अधोमुख श्वानासनातही तो वाढतो. काका तरुणपणापासून शीर्षासन करणारे, त्याचा अभिमान असणारे. बाईंनी त्यांना नम्रपणे पण ठाम नकार दिला. ते रागावले, आठवडाभर आले नाहीत. बाईंनी स्वतः फोन केला, डॉक्टरांना विचारून या म्हणाल्या, आणि ते परत आल्यावर त्यांच्यासाठी डोकं खाली न नेणारा वेगळा क्रम बसवून दिला. नकार देणं आणि तरी माणूस न तोडणं हे मला फार मोठं कौशल्य वाटतं.

पद्मासनाचंही तेच. आपल्याकडे मांडी नीट घालता न येणं म्हणजे कमीपणा वाटतो, त्यामुळे लोक पाय ओढून मांडीवर चढवतात. पाय वळायला हवा तो खुब्यापासून. तिथे वळला नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघ्याची तशी रचनाच नाही. आतली कूर्चा दुखावली की पुढे जिना चढणंही नको होतं. ज्याला हे कळतं तो शिक्षक बैठकीखाली सतरंजीची जाड घडी सरकवतो, साधी सुखासनाची मांडी घालायला सांगतो आणि पुढे जातो. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केली आहे. त्यात सुख आहे, आणि पाय कुठे ठेवायचे त्याबद्दल चकार शब्द नाही.

पश्चिमोत्तानासनाबद्दल, म्हणजे पाय लांब पसरून बसून पुढे वाकण्याबद्दल, मी जरा कळकळीने लिहिणार आहे. ‘डोकं गुडघ्याला लावा’ ही सूचना मी इतक्या वर्गांत ऐकली आहे! वाकायचं असतं कमरेच्या खालून, खुब्यातून. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की तिथून वाकता येत नाही, मग माणूस पाठीची कमान करून कपाळ खाली नेतो. एका वर्गात शिक्षकाने माझ्या शेजारच्या बाईंच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला. ‘अजून, अजून’ म्हणत होता. त्यांनी दात घट्ट दाबलेले मला दिसत होते, त्याला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पाळी गेल्यानंतर आपल्या वयाच्या कितीतरी बायकांची हाडं विरळ झालेली असतात, आणि अशा मणक्यांना पाठ गोल करून दिलेला दाब सोसत नाही. तुझ्या वर्गात बहुतेक याच वयाच्या बायका येणार. त्यांना गुडघे थोडे वाकवू दे, तळपायाला पट्टा किंवा जुनी ओढणी अडकवून ती धरू दे, पाठ लांब राहू दे. कपाळ गुडघ्यापासून वीतभर दूर राहिलं तरी आसन पूर्ण झालं, असं तू स्वतः मोठ्याने सांग. शिक्षकाने सांगितल्याशिवाय लोकांना ते खरं वाटत नाही.

या नजरेचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या पुण्यातलंच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, गुरू कृष्णमाचार्यांच्या सांगण्यावरून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. यायचं होतं सहा महिन्यांसाठी. मराठी येत नव्हतं, आणि लहानपणापासून क्षय, मलेरिया, विषमज्वर असल्या दुखण्यांनी शरीर खंगलेलं. मला नेहमी वाटतं, जे शरीर स्वतःलाच साथ देत नाही त्याच्याशी झगडल्यामुळे त्यांना दुसऱ्याचं न वाकणारं शरीर कळलं. भिंतीवरच्या दोऱ्या, लाकडी विटा, पट्टे, लोड, खुर्च्या हे सगळं त्यातूनच आलं : माणसाला आसनापर्यंत ओढत न्यायचं नाही, आसन माणसापर्यंत आणायचं. त्यांनी पत्नी रमामणी यांच्या नावाने उभारलेली, १९७५ मध्ये सुरू झालेली हरेकृष्ण मंदिर रस्त्यावरची संस्था तू पुण्याला आलीस की तुला दाखवीन.

अय्यंगार गुरुजी कडक होते हे सगळं पुणं जाणतं. त्यांचं बघून पुष्कळांनी तेवढा कडकपणा उचलला, आवाज उचलला, आणि माणसाच्या पायाच्या करंगळीपर्यंत जाणारी ती नजर मागेच राहिली. तू मुळात मऊ स्वभावाची आहेस. तशीच राहा. मोठा आवाज फक्त मागच्या रांगेपर्यंत पोचण्यापुरता हवा.

आता प्राणायाम. इथे मला खरंच काळजी वाटते. टीव्हीवर बघून लोक सकाळी उठल्याबरोबर शेकड्यांनी कपालभातीचे आघात मारतात, आणि तुझ्याकडे आल्यावर तेच मागतील. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यांत कपालभाती द्यायची नाही, हे तुला कोर्समध्ये शिकवलंच असेल. पण हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातलं एक वचन तू त्यांना वाचून दाखव. कपालभाती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते, आणि ज्याच्या शरीरात मेद आणि कफ जास्त आहे त्याने ही कर्मं आधी करावीत, इतरांनी करू नयेत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. त्याच अध्यायात आणखी एक इशारा आहे : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. ग्रंथकार स्वात्माराम इतकं जपून बोलतात, मग आपल्याला कसली घाई? नुसता सावकाश दीर्घ श्वास महिनाभर शिकवलास तरी पुष्कळ झालं. आणि तोही ज्याच्या त्याच्या गतीने. ‘श्वास घ्या, सोडा’ असं म्हणत सगळ्यांना एका तालात श्वास घ्यायला लावलं की दम्याच्या माणसाची फार ओढाताण होते.

दाव्यांच्या बाबतीत स्वामी कुवलयानंदांचा आदर्श ठेव. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, आणि उड्डियान-नौली, म्हणजे पोट आत खेचण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया, करताना पोटात नक्की काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासलं, त्याचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. ज्यांची योगावर एवढी श्रद्धा होती त्यांनाच तपासून बघायची गरज वाटली, याचं मला फार अप्रूप आहे. तुझ्याकडे बायका साखरेच्या, थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन येतील आणि विचारतील, ‘योगाने गोळी बंद होईल ना?’ त्यावर शिक्षकाने देण्यासारखं उत्तर एकच आहे : ‘गोळी डॉक्टरांनी सुरू केली, कमी-जास्त तेच करतील, आपण आपला अभ्यास नियमित करू.’ असं सांगितल्याने दोन विद्यार्थिनी कमी झाल्या तरी होऊ देत.

शिकवण्याच्या तंत्राचं थोडंसं. समोर तोंड करून दाखवताना तोंडाने ‘उजवा हात’ म्हणायचं आणि स्वतः डावा उचलायचा, ही सवय तुला घरी आरशापुढे करावी लागेल. शिक्षक उलटा झाला की सबंध वर्ग गोंधळतो. दंडस्थिती, बैठकस्थिती, शयनस्थिती, विपरीत शयनस्थिती, म्हणजे आधी उभ्याने, मग बसून, मग पाठीवर आणि शेवटी पोटावर झोपून, असा क्रम ठेवलास तर गुडघे दुखणाऱ्यांना सारखं उठबस करावं लागत नाही. आणि वर्गात स्वतःचा अभ्यास करू नकोस. एकदा दाखव, मग उठून रांगांमधून फीर. तुझा अभ्यास पहाटे वेगळा व्हायलाच हवा. ज्या शिक्षकाचा स्वतःचा अभ्यास सुटतो त्याच्या सूचना पाठ केल्यासारख्या येतात, आणि आम्हा शिकणाऱ्यांना ते लगेच कळतं.

स्पर्श करण्याआधी विचार, प्रत्येक वेळी, ओळख झाल्यावरही. बहुतेक वेळा शब्दाने काम होतं. हात लावलाच तर दिशा दाखवण्यापुरता, ढकलण्यासाठी कधीच नाही.

शवासनाला कात्री लावू नकोस. वेळ संपत आली की बरेच शिक्षक तेच छाटतात. आपल्या बायकांना दिवसभरात कुणी हाक मारणार नाही अशी दहा मिनिटं कुठे मिळतात? कुणी घोरायला लागलं तर घोरू दे, कंबर दुखणारीला गुडघे वाकवून पाय जमिनीवर ठेवू दे. आणि त्या वेळात तू मोबाइल हातात घेऊ नकोस.

फीबद्दल तू संकोचाने विचारलंस. नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात विनामूल्य शिकवण्याची परंपरा आहे, आणि मला तिचा मनापासून आदर आहे. पण तुला हॉलचं भाडं आहे, घर आहे. फी घे, निःसंकोच घे. जिला परवडत नाही तिचं काय करायचं ते फक्त तुझ्या आणि तिच्यात राहू दे.

एक शेवटचं, जे मला आमच्या बाईंमुळे कळलं. वर्षभराने त्या प्रत्येकीला विचारायच्या, ‘घरी एकटीने काय करतेस ते करून दाखव.’ ज्या वर्गाशिवाय काहीच करत नसत त्यांना त्या चार आसनं नेमून द्यायच्या आणि आठवडाभर तेवढंच करून यायला सांगायच्या. त्यांच्या काही विद्यार्थिनी पुढे येईनाशा झाल्या, कारण त्यांचा घरचा अभ्यास पक्का बसला होता. बाईंना त्याचा आनंद व्हायचा, आणि तो चेहऱ्यावर दिसायचा. तुझा वर्ग भरलेला राहावा असं तुलाही वाटेल, ते स्वाभाविक आहे. तरी पहिल्या महिन्यापासूनच त्यांना घरी करण्यापुरतं काहीतरी देत जा.

हॉलची फरशी पावसात ओल धरते असं तू लिहिलंस. नुसत्या मॅटवर भागणार नाही, खाली जाड सतरंज्या लागतील. माझ्याकडे चार चांगल्या आहेत, पुढच्या रविवारी भाचा साताऱ्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. पहिल्या आठवड्यात किती जणी आल्या, कुणाला काय त्रास आहे, तू त्यांना काय दिलंस, सगळं सविस्तर लिही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे तेही कळव.

तुझी,
शैला