ताप किती आहे ते आकड्यात कळव

चि. सोनू,

प्रभूच्या नावाने सलाम.

रागात लिहू नकोस असं पप्पा म्हणाले म्हणून एक दिवस जाऊ दिला. राग गेलेला नाही, अक्षर तेवढं सुधारलंय.

अकरा दिवस ताप, आणि त्या अकरा दिवसांत आपण चार वेळा फोनवर बोललो, तरी तू एका शब्दानं सांगितलं नाहीस! एकदा तर अर्धा तास तू मला हिब्रू उजवीकडून डावीकडे कसं वाचायचं ते समजावत होतीस. आवाज बसलाय का विचारलं तर म्हणालीस, काल गाण्याची प्रॅक्टिस होती. मी विश्वास ठेवला. खरं तर ठेवला नव्हता, पण पुढे विचारलं नाही. ही माझी चूक.

आणि अंगात ताप असताना तू चॅपेलमध्ये पहिला संदेश दिलास. विषय कोणता, तर बायबलमधल्या मार्क 5 मधली ती बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. वॉर्डनबाई म्हणाल्या, फार छान बोलली हो तुमची मुलगी, आणि मग मागच्या पायरीवर जाऊन बसली ती उठेचना. अगं, त्या बाईची गोष्ट काय आहे? ती गुपचूप येशूच्या वस्त्राला शिवली, बरी झाली, गर्दीतून निघून गेली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण तो थांबला. ज्याच्या घरी निघाला होता त्या याईराची मुलगी तिकडे मरायला टेकलेली, तरी थांबला आणि विचारलं, कोण शिवलं मला? मग ती थरथरत पुढे आली आणि तिनं सगळं खरं खरं सांगून टाकलं. तेव्हा कुठे तो तिला ‘मुली’ म्हणाला. हे तू पन्नास जणांना समजावलंस आणि स्वतःच्या आईला सांगितलंस की गाण्याची प्रॅक्टिस होती!

थर्मामीटर आहे ना तुझ्याकडे? निळ्या पाऊचमध्ये ठेवला होता.

मी फोनवर ओरडले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, ‘आई, हे मी तुझ्याकडूनच शिकलेय.’ तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. उत्तर द्यायचं म्हणून खूप जुळवाजुळव केली. नीतिसूत्रे 31 उघडलं. मला तो अध्याय पाठ आहे, माझ्या लग्नात वाचला होता, मी त्यावरच संसार केला. त्यातली सद्गुणी स्त्री पहाटे उठते, तिचा दिवा रात्री विझत नाही. या वेळी मात्र चष्मा लावून सावकाश वाचला. पहिली गोष्ट, तिच्याकडे दासी होत्या. पंधराव्या वचनात स्पष्ट लिहिलंय, आणि इतकी वर्षं मी ते गाळूनच वाचत आले! दुसरी, हा अध्याय म्हणजे लमुएल राजाला त्याच्या आईनं केलेला उपदेश आहे. सगळे जण दहाव्या वचनापासून सुरुवात करतात आणि त्या बाईच्या कामांची यादी वाचतात. त्याआधी आठव्यात ती आई मुलाला सांगते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड. गप्प बसून सोस, असं अख्ख्या अध्यायात कुठेही नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं, आणि तुला शिकवलं.

आता हे उपदेशासारखं व्हायला लागलं. माफ कर. पण ताप अकरा दिवस अंगावर काढायचा नसतो, एवढं तरी म्हणू दे.

तुला शनिवारची महिलांची सभा आठवते का? तू पाच वर्षांची, माझ्या बाकाखाली बसून चपलांच्या जोड्या लावायचीस. त्या दिवशी वाचन माझ्याकडे होतं, 1 शमुवेल, पहिला अध्याय. चार-पाच बायकांसमोर उभं राहायचं तरी माझे हात कापायचे. मूल होत नाही म्हणून हन्ना मंदिरात रडते, ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. ती खाली मान घालून निघून जात नाही. याजकाला सांगते, नाही महाराज, मी दुःखी बाई आहे, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. तिथपर्यंत मी आले आणि पुढची ओळ दिसेना.

तुझ्या आधीच्या बाळाबद्दल मी सात वर्षं कोणाशी बोलले नव्हते. प्रभूची इच्छा, असं सगळ्यांनी म्हटलं आणि मीही मान डोलावली होती. त्या दिवशी वाचायचं सोडून तेच बोलले. पाळकांच्या पत्नीनं घड्याळ पाहिलं, तेही मला दिसलं. कोणी काही म्हणालं नाही. सभा संपल्यावर तुझी दुसरी चप्पल शोधत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘किती महिन्यांचं होतं गं?’

सात वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता.

मी म्हटलं, सात. त्या म्हणाल्या, माझं पाचव्यात गेलं. एवढंच. मग तुझी चप्पल त्यांनाच सापडली.

घरी येऊन तो अध्याय पुढे वाचला. हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, तेव्हा पत्ताही नव्हता! मूल झालं म्हणून नाही, बोलली म्हणून तिचा चेहरा बदलला. हे मला त्या रात्री कळलं आणि मी ते तुला कधी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी प्रार्थना चालवायला मी आपणहून हात वर केला, तेवढं तुला दिसलं असेल. गप्प बसायची सवय घरात मात्र तशीच राहिली.

आत्या अजून विचारते, मुलीनं ईश्वरविज्ञान शिकून करायचं काय. मी तिला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनी सांगतील ते सगळं मुकाट मान्य केलं नाही, पत्रांतून वाद घातले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1922 साली गेल्या, तोवर तेच काम. आत्या म्हणाली, त्या वेगळ्या होत्या. मी म्हटलं, आमचीही वेगळीच आहे. हे फोनवर तुला सांगायचं होतं आणि मी ओरडत बसले.

त्या संदेशाची वही मला पाठव. मुळातली वही, स्वच्छ करून लिहिलेली नको.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं असेल तर रिपोर्टचा फोटो पाठव. ‘नॉर्मल आहे’ असं लिहू नकोस, फोटो पाठव. खोलीतल्या मैत्रिणीचा नंबरही दे. तुझ्यावर पाळत ठेवायला नाही. बरं, थोडी ठेवायलाच.

पप्पा विचारतात पत्र संपलं का. एक राहिलंय, आणि ते न लिहिता पाकीट चिकटवलं तर वरचं सगळं खोटं. मागच्या महिन्यात मला दोनदा चक्कर आली. एकदा जिन्यात. पप्पांना आत्ताच सांगितलं, ते चिडलेत. सोमवारी तपासायला जाते आहे, आकडे कळवते.

ओरडू नकोस.

तुझी,
आई